लाल काचेचा उजेड

आमच्या त्या घराला शिकलेली माणसं आता गॉथिक म्हणतात. म्हणोत बापडी. आम्ही राहत होतो तेव्हा गाव त्याला नुसतं ‘बंगला’ म्हणायचं आणि माझी आई ‘साहेबाचं थडगं’ म्हणायची. जुन्या इमारतींचा अभ्यास करणारं कुणी आलं की गावातली मंडळी त्याला माझ्या दारात आणून सोडतात, कारण त्या घरात राहिलेलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. मी आपली सांगते, दगड कुठला, चुना कसा मळला, कमानी कुणी बांधल्या. ते लिहून घेतात, चहा पितात, जातात. त्या घरात माझ्या बहिणीचं काय झालं ते कुणी विचारत नाही. कशाला विचारतील? त्यांना कमानी हव्या असतात. पण मला कमानी सांगून सांगून कंटाळा आलाय. आता बहीण सांगते. तरी आधी घर सांगावंच लागेल, त्याला इलाज नाही.

नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेपासून जरा आत आमचं गाव. आमच्या लोकांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्या काळात पहिला मिशनरी साहेब तिथं आला आणि त्यानं हे घर बांधलं. जुनी माणसं सांगायची, साहेबाजवळ त्याच्या देशातल्या एका घराचं चित्र होतं आणि त्याला हुबेहूब तसंच घर हवं होतं. हट्टच धरला म्हणे. चित्रातल्या घराला ओसरी नव्हती, म्हणून ह्या घराला ओसरी नाही. आता सांगा, आमच्या उन्हाच्या मुलखात ओसरीवाचून घर! दुसऱ्या गावांतल्या मिशनच्या बंगल्यांना चारी बाजूंनी ऐसपैस व्हरांडे होते, साहेब लोक तिथंच खुर्च्या टाकून बसायचे. आमच्या साहेबानं दाराबाहेर दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी देवडी ठेवली आणि बाकी सगळं बंद करून टाकलं. छप्पर इतकं उतरतं, की कौलं बदलायला चढलेला माणूस घसरायचाच. का, तर त्यावरून बर्फ खाली पडावं. बर्फ! आमच्याकडे पाऊस पडायची मारामार. खोल्याखोल्यांतून शेकोटीची जागा आणि वर धुराडं. त्या शेकोट्यांत आमच्या वेळी कोंबड्या अंडी घालायच्या.

कमानी मात्र चांगल्या होत्या, उगीच खोटं कशाला बोलू. गवंडी नगरचे, मुसलमान. साहेबानं चित्र दाखवून सांगितलं, कमान वर टोकाला गेली पाहिजे. गवंड्यांना त्यात काय नवल? नगरातल्या मशिदींना आणि दर्ग्यांना त्यांच्या खापरपणजोबांनी तशाच कमानी घातलेल्या होत्या. साहेबाला वाटलं, आपल्या देशाची कमान उभी राहिली. गवंड्यांना वाटलं, आपल्या नगरची. काळा घडीव दगड आणि बैलाच्या घाणीवर मळलेला चुना. भिंती अशा जाड, की आतून हाक मारली तर बाहेर ऐकू जायची नाही.

मधोमध दिवाणखाना, डावीकडे दोन अंधाऱ्या लहान खोल्या, त्यांना वर हातभर झरोके, आणि उजवीकडे एकच मोठी खोली. त्या मोठ्या खोलीला पूर्वेकडे रंगीत काचेची खिडकी. खिडकी कसली, माणसाच्या दुप्पट उंचीची कमानच ती. काचा बोटीनं आलेल्या, आणि मग बैलगाडीनं. कडेनं निळ्या नि पिवळ्या, मधे सगळ्या लाल. काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या आणि पट्ट्या दगडाच्या खाचेत. तिला बिजागरीच नाही. ती खिडकी उघडत नाही. साहेबाच्या देशात थंडी, तिथं खिडकी उघडायची कुणाला हौस असणार! त्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती.

ह्या कमानींनी आणि काचांनी गावाचा एक मोठा गैरसमज करून दिला होता. आमचं खरं चर्च म्हणजे पत्र्याचं एक लांबडं छप्पर. आठवडाभर तिथं शाळा भरायची आणि रविवारी बाकं फिरवून उपासना व्हायची. समोर हा बंगला, आभाळात टोकं काढून उभा. नवख्या माणसाला विचारलं असतं, ह्यातलं देवाचं घर कुठलं, तर त्यानं बंगल्याकडेच बोट दाखवलं असतं. आमचे लोकही तसंच वागायचे. देवडीशी आले की चपला काढायचे, बायका डोक्यावर पदर घ्यायच्या. बाजाराला निघालेले हिंदू शेतकरीसुद्धा जाता जाता हात जोडायचे. आत साहेब कोंबडीचं हाड चघळत बसलेला असला तरी बाहेर लोक डोळे मिटून उभे. आणि हेच लोक चर्चमध्ये मात्र विडी विझवून कानावर ठेवून यायचे.

माझे बाबा मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत शेवटचे साहेब आणि मडमबाई म्हातारे झाले, आजारी पडले आणि आपल्या देशाला निघून गेले. जाताना त्यांनी बंगल्याच्या किल्ल्या बाबांच्या हातात दिल्या. दुसरा साहेब येईपर्यंत इथं राहा, घर सांभाळा. तोवर आम्ही शाळेमागच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांचा आनंद काय सांगू! रोज सकाळी शाळेआधी धोतराचा सोगा खोचून ते त्या रंगीत काचा स्वतः पुसायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या आज्याला गावात वेशीच्या आत पाय ठेवायची बंदी होती, आणि नातू ह्या घरात राहायला आला. त्यांचा तो आनंद मला आज समजतो. समजतो म्हणून राग कमी होतो असं काही नाही.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नगरच्या मिशन दवाखान्यात ती नर्सिंग शिकत होती. उंच, हसरी, पायात भिंगरी लागलेली. सुट्टीला यायची तेव्हा माझ्या बाहुलीचे हातपाय मोडून परत बांधून दाखवायची. तिला एकच गोष्ट हवी होती, शेवटची परीक्षा द्यायची आणि नर्सची पांढरी टोपी डोक्यावर घालायची. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, ‘आधी टोपी, मग पदर.’ त्या वर्षी ती सुट्टी नसताना आली. खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं. कुणाला सांगायची गरज नव्हती. क्षय म्हटलं की तेव्हा घराचं कंबरडंच मोडायचं. आजच्यासारखी औषधं नव्हती.

दवाखान्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई तिला बघायला नगरहून मोटारीनं आणि पुढं टांग्यातून आल्या. त्यांनी छाती तपासली आणि बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, ‘हिला सॅनेटोरियममध्ये ठेवायला हवं. आज तिथं जागा नाही. जागा झाली की मी माणूस पाठवते, तयारीत राहा. वेळेवर गेली तर बरी होईल. तोवर उजेड आणि वारा. दूध, अंडी, आणि पूर्ण विश्रांती. बोलणंसुद्धा नको, फुप्फुसाला आराम पाहिजे.’

बाबांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. उजेड म्हटल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी उभी राहिली असणार. आम्ही त्याच आठवड्यात बंगल्यात राहायला गेलो आणि ताईचा पलंग मोठ्या खोलीत पडला. देवानं किल्ल्या आत्ताच हातात दिल्या त्या ह्यासाठीच, असं बाबा ज्याला त्याला सांगत सुटले.

आई अंगठेबहाद्दर, नगरच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातली. तिचं माहेर मजुरी करणारं. तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘आवं, हितं वारं कुठून यायाचं?’

‘दार आहे ना,’ बाबा म्हणाले.

‘दार दिवानखान्यात उघडतंय. पोरीला मोकळं वारं पायजे. लिंबाखाली तुराट्यांची खोप घाला, म्या झोपते तिच्यासंगं. आमच्याकडं आजारी मान्साला असंच ठिवत्यात.’

‘बंगल्यासमोर खोप?’ बाबांना ते ऐकवेना. ‘लोक काय म्हणतील? एवढा राजवाडा सोडून मास्तरनं पोरगी कुडाच्या खोपीत टाकली?’

‘लोक मरू द्या. मंग त्यातल्या दोन काचा तरी फोडा.’

बाबांचा चेहरा असा झाला, की आईनं जणू बायबल फाडायला सांगितलं होतं.  विषय तिथं संपला, म्हणजे बाबांनी संपवला. आमच्या घरात विषय असाच संपायचा.

पुढचं जे झालं ते बाबांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं म्हणते. वस्तीतल्या एक आत्याबाई ताईला बघायला आल्या. सकाळची वेळ. ऊन खिडकीतून आत आलेलं आणि लालभडक चौकटी समोरच्या भिंतीवर पडलेल्या. आत्याबाईंनी चपला तर बाहेर काढल्याच होत्या, त्या थेट गुडघ्यांवर बसल्या. म्हणाल्या, ‘मास्तर, हा परभूच्या रगताचा उजेड हाय. पोरीला ह्यात ठिवा. खिडकी काय उगीच न्हाई घातली साहेबानं.’

झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे पलंग सरकवायची रीत सुरू झाली. सकाळी लाल उजेड लांबच्या भिंतीशी असायचा, तेव्हा पलंग तिथं. ऊन चढेल तसा तो फरशीवरून खिडकीकडे सरकायचा, तसा पलंगही मागोमाग. दुपार होईपर्यंत ताई खिडकीच्या पायाशी. बाबा शाळेत गेले की वस्तीतले लोक पाळीनं यायचे नि पलंग उचलायचे. आधी दोघं यायचे, मग चार, मग आठवड्याच्या मधल्या प्रार्थनाही तिथंच व्हायला लागल्या. माणसं दाटीवाटीनं बसलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, दार वाऱ्यानं मेणबत्ती विझते म्हणून लोटलेलं. मी पेज घेऊन आत जायची तर भांडं ठेवून कधी बाहेर पळेन असं व्हायचं. निलगिरीच्या तेलाचा, मेणाचा आणि माणसांच्या श्वासाचा तो वास मला अजून सोडत नाही. आणि ज्या पोरीच्या छातीला वारा हवा, ती त्या सगळ्यांच्या मधे पडलेली.

कुणाला दोष देऊ? माया नव्हती असं कसं म्हणू? घरच्या कोंबडीचं अंडं पोटच्या पोराला न देता ते ताईसाठी आणायचे. एक म्हातारा तर नेवाशाहून पायी यायचा, केवळ पलंगाचा एक खूर धरायला. सगळ्यांनी मिळून, जीव लावून, तिला त्या खोलीत कोंडलं. मला तर कधीकधी वाटतं, कुणी दुष्टाव्यानं वागलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या.

थोड्याच दिवसांत बाबा म्हणायला लागले, ‘पाहा, गालांवर रंग आला.’ आला होता खरा. आम्ही सगळ्यांनी पाहिला. ताईचे गाल, कपाळ, ओठ सगळं गुलाबी दिसायचं. आमच्या वस्तीत असा गुलाबी रंग कुणाचा नव्हता, कधी नव्हता, पण ते कुणाच्या मनातही आलं नाही. सकाळी लाल काचेतून उजेड यायचा, दुपारनंतर ऊन फिरलं तरी खोलीत जो काही उजेड असायचा तो त्याच काचांतून गाळून आलेला. पांढऱ्या उजेडात तिला कुणी पाहतच नव्हतं. परवा आलेली अभ्यास करणारी पोरं त्या खोलीत उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. चेहरे फार सुंदर येतात म्हणे तिथं. 

आईला मात्र ते पटायचं नाही. ती रोज ताईचं अंग पुसायची. म्हणायची, ‘तुमी डोळ्यांनी बघता. म्या हातानं बघते. हाताला नुस्ती हाडं लागत्यात.’

‘आजारात मांस झडतंच. रंग महत्त्वाचा,’ बाबा म्हणायचे.

आणि ताई? ताईला बोलायची मनाई होती. बाबा ती मनाई डोळ्यांत तेल घालून पाळायचे. तिनं ओठ हलवले की लगेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवायचे, ‘शू, बाळ. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?’ मग ती हसायची आणि डोळे मिटून घ्यायची. एकदा मी एकटीच होते तेव्हा म्हणाली, ‘फार कोंडतं गं.’ मी दार सताड उघडून आले. तेवढंच माझ्या हातात होतं.

एक दिवस दवाखान्याचा कंपाउंडर नगरच्या मोटारीतून उतरून पुढं सायकलवरून आला. मी वर्गात होते आणि आई नदीवर ताईचे कपडे वेगळे धुवायला गेली होती, त्यामुळे हे सगळं मला नंतर बाबांच्याच तोंडून कळलं. कंपाउंडर सांगायला आला होता, की सॅनेटोरियममध्ये एक पलंग रिकामा झालाय, मुलीला लगेच घेऊन निघा. बाबा त्याला शाळेतून बंगल्यावर, मोठ्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेले. सकाळची वेळ. रोगाची भीती, म्हणून कंपाउंडर उंबऱ्याच्या आत आला नाही. लांबूनच त्यानं पाहिलं आणि म्हणाला, ‘अरे वा, मास्तर, तब्येत फारच सुधारली की!’ ताई झोपली होती.

बाबांना आणखी काय हवं होतं? त्यांनी सांगितलं, ‘आमच्या मुलीला प्रभूनं हात दिलाय. जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या.’ कंपाउंडर सायकलवर बसून गेला. बाबांनी हे आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. त्यांनी ठरवलं होतं, सुगी झाली की एका रविवारी ताईसाठी देवाचे आभार मानायची उपकारस्तुती करायची, सगळ्या मंडळीसमोर, तिथंच त्या खोलीत, आणि तेव्हा हे सांगायचं. म्हणजे पलंग चालून आला होता आणि आपल्याला लागला नाही, असं. माझ्या बापाला ही आनंदाची बातमी वाटत होती.

आमच्यात रीत आहे, उपकारस्तुतीला नव्या पिकातलं देवापुढे आणायचं. बाजरीची कणसं, भोपळे, कोंबडा, ज्याला जे जमेल ते. खोली त्या दिवसासाठी लख्ख हवी म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, वस्तीतल्या बायका केरसुण्या आणि चुन्याची घमेली घेऊन आल्या. भिंतींना चुना मारायचा, फरशी धुवायची. बाबा शाळेत होते, मला आईनं कामाला घरी ठेवून घेतलं होतं. आई म्हणाली, ‘चुन्याच्या धुरळ्यात पोरगी कशी ठिवायची? उचला पलंग. फरशी वाळंस्तोवर लिंबाखाली ठिवू.’ चौघींनी पलंग उचलला. मी उशी धरून मागे चालत होते. दिवाणखान्यातून, देवडीतून आम्ही बाहेर आलो आणि पलंग लिंबाखाली टेकवला.

मी वाकून उशी सारखी केली आणि तिच्याकडे पाहिलं.

तिचा चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा होता. ओठ पांढरे पडलेले. गालांवर लाली कसली, गालच उरले नव्हते. डोळे खोल गेलेले आणि त्यांच्याभोवती काळं. ही कोण बाई आपण उचलून आणली, असं क्षणभर मला वाटलं, देवाशप्पथ. पलंग आणणाऱ्या चौघी तशाच उभ्या राहिल्या. त्यांतल्या आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. देवडीतून चुन्याचं घमेलं घेऊन एक बाई हसत हसत बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि घमेलं तिनं खाली ठेवून दिलं. फक्त आई नेहमीसारखी होती. ती ताईच्या पायांवर चादर ओढत होती.

ताईनं डोळे मिटले आणि तोंड उघडून वारा आत घेतला. खोकला आला, तरी पुन्हा घेतला. म्हणाली, ‘किती बरं वाटतंय गं.’

कुणीतरी शाळेत निरोप दिला असावा. बाबा पत्र्याच्या शाळेतून धावतच आले. पलंगाजवळ आले आणि थबकले. ताईकडे बघत राहिले. मग खोलीकडे पाहिलं, मग परत ताईकडे.

‘हिला काय झालं?’ त्यांनी आईला विचारलं. ‘सकाळी तर बरी होती. काय केलंत तुम्ही?’

‘आज काय बी झालं न्हाई,’ आई म्हणाली. ‘हे असंच हुतं. तुमच्या काचांनी दिसू दिलं न्हाई.’

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बाबा चिडले असते, आणि चिडण्यात माणसाचं निभावून जातं. ते खाली मातीत बसले. शाळेचं पांढरं स्वच्छ धोतर, तसेच बसले. हात पुढे करून त्यांनी ताईच्या गालाला बोट लावलं आणि बोट उलटून पाहिलं, रंग बोटाला लागलाय की काय, तसं. मला त्या वेळी त्यांची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

‘मी आत्ताच्या आत्ता नगरला जातो,’ ते म्हणाले. ‘ती जागा परत मिळते का बघतो.’

ताईनं डोळे उघडले. ‘कुठली जागा, बाबा?’

मग त्यांना सांगावं लागलं. कंपाउंडर कसा आला, काय म्हणाला, त्याला काय सांगून परत पाठवलं. बायका ऐकत उभ्या होत्या. आईचे हात चादरीवर थांबले. बाबा सांगता सांगता मधेच ‘मला वाटलं’ म्हणायचे आणि थांबायचे, पुन्हा ‘मला वाटलं’ म्हणायचे. सगळं सांगून झालं तेव्हा ताई वर लिंबाच्या पाल्याकडे बघत होती.

‘मला रोज संध्याकाळी ताप चढत होता, बाबा,’ ती म्हणाली. ‘मी नर्स आहे. मला कळत होतं. मला विचारायचं होतंत.’

‘तुला बोलायची मनाई होती ना, बाळ.’

‘मान हलवली असती.’

एवढंच ती बोलली. आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता हेच बाबांना झेपलं नाही. ते उठले आणि मागं न बघता नगरच्या रस्त्याला लागले. डोक्यावर टोपी नव्हती. आई उठली, बंगल्यामागं रचलेल्या तुराट्या उपसायला लागली, आणि चुना मारायला आलेल्या बायकांनी त्याच हातांनी दिवस मावळायच्या आत लिंबाखाली खोप उभी केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्या गावांतल्या लोकांना काहीच माहीत नव्हतं. ते बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेले कोंबडे घेऊन आले, देवडीशी चपला काढल्या आणि आत कुणीच नाही म्हणून उभे राहिले. मग त्यांना खोप दिसली. जे आणलं होतं ते त्यांनी तिथंच दगडावर ठेवलं आणि चपला हातात घेऊन परत गेले. कोंबडे दुपारपर्यंत ओरडत होते.

बाबा सोमवारी डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. कंपाउंडर येऊन गेला त्याच आठवड्यात सॅनेटोरियमची जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी खोपीत वाकून ताईची छाती ऐकली, खूप वेळ ऐकली. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, ‘तेव्हाच पाठवली असती तर?’ त्या बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘तेव्हा प्रयत्न करता आला असता. आता हिला हलवू नका.’

बंगल्यात आम्ही परत झोपलो नाही. बाबांनी त्या काचा पुसणं सोडलं. काचा फोडल्या मात्र कुणी नाहीत, फोडून तरी काय होणार होतं. बाबा शाळेतून आले की खोपीच्या तोंडाशी बसायचे. आणि जो माणूस आयुष्यात घरातल्या कुणाला काही विचारत नसे, तो ताईला सगळं विचारायला लागला. ‘बाळ, उशी उंच करू? दुधात साखर घालू की तशीच? पाणी कोमट की गार? आज कूस डावी की उजवी?’ विचारायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबायचे. सुरुवातीला ती शब्दांनी सांगायची. मग मान हलवायची. मग नुसत्या पापण्या. आई चिडायची, म्हणायची, ‘दमवू नका तिला.’ तरी ते विचारायचेच.

मग एका पहाटे ती गेली तेव्हा आई जवळ होती. मी तिचे पाय धरून बसले होते. उजाडलं, वस्तीतली माणसं जमायला लागली, लिंबाच्या फांद्यांतून ऊन खोपीत आलं आणि तिच्या तोंडावर पडलं. बाबा गुडघे टेकून आत सरकले. आम्हाला वाटलं, प्रार्थना करणार. पण त्यांनी तोंड तिच्या कानाशी नेलं आणि हळूच विचारलं, ‘ऊन लागतंय का, बाळ? सावलीत घेऊ?’ आणि तिच्या तोंडाकडे बघत, उत्तरासाठी थांबले.